कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? आधी फसलेले फोटो मोजा

गणपतीच्या आधीचा महिना आणि लग्नसराईचं तोंड, या दोन वेळा आमच्याकडे ठरलेल्या गर्दीच्या. बेळगावच्या शहापुरातल्या एका फोटो स्टुडिओच्या काउंटरला मी सहा वर्षं बसलो. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, अल्बमच्या ऑर्डरी असं सगळं चालू असताना मध्येच कोणीतरी यायचं आणि विचारायचं, "अण्णा, कॅमेरा घ्यायचा होता. बारका घेऊ का मोठा?" बारका म्हणजे खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, मोठा म्हणजे गळ्यात अडकवायचा डीएसएलआर. मी विचारायचो, "कशाचे फोटो काढणार?" उत्तर हमखास एकच, "सगळ्याचेच की!"

या उत्तरावरून कॅमेरा निवडता येत नाही. सगळ्याचे फोटो मोबाइलही काढतो, आणि दिवसाउजेडी बरे काढतो. म्हणून पुढे मी प्रश्नच बदलला. "मोबाइलवर तुमचे कुठले फोटो फसतात ते दाखवा," असं म्हणायचो. माणूस आधी जरा बिचकायचा, मग गॅलरी उघडून दाखवायचा, आणि पाच मिनिटांत दोघांनाही कळायचं काय घ्यायला हवं ते.

पहिली पायरी: गॅलरीतला कचरा चाळा

एखाद्या रविवारी बसा आणि गेल्या वर्षभरातले फोटो मागे सरकवत जा. चांगले सोडून द्या. "अरेरे, हा आला असता तर!" असं वाटेल तो बाजूला काढा. साधारण शंभर निघाले की थांबा आणि त्यांचे ढीग करा.

एक ढीग अंधाराचा: मिरवणूक, गोंधळ, रात्रीची लग्नाची वरात, हॉलमधलं स्नेहसंमेलन. चेहरे फुटलेले नाहीतर हललेले. दुसरा लांबचा: झाडावरचा पक्षी, कुस्तीच्या आखाड्यातले पैलवान, स्टेजवरची पोरगी, झूम केलं की सगळं पाण्यात भिजल्यासारखं. तिसरा वेळ चुकलेला: अक्षता पडून गेल्यावर दाबला गेलेला, बैलाची जोडी पुढे गेल्यावर उरलेली धूळ. चौथा ढीग दिसत नाही, तो आठवावा लागतो. मोबाइल हातात असूनही न काढलेले फोटो. पाऊस होता, भंडारा उडत होता, गर्दी होती, बॅटरी संपली होती.

येळ्ळूरचा एक कॉलेजचा पोरगा असाच आला होता. त्याला डीएसएलआरच हवा होता, मित्राकडे होता म्हणून. त्याचे फसलेले फोटो पाहिले तर निम्म्याहून जास्त चौथ्या ढिगातले. गडी सायकलवरून राजहंसगडावर जायचा, शेतातून चालायचा, पावसात भिजायचा. त्याच्या गळ्यात मी पाऊण किलोचं लोढणं अडकवलं असतं तर दोन महिन्यांनी ते कपाटात गेलं असतं. त्याने पाण्यात चालणारा छोटा कॉम्पॅक्ट घेतला. मित्राने महिनाभर चिडवलं, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच कॅमेरा उसना मागायला आला.

दुसरी पायरी: डब्यात काय असतं ते एकदा समजून घ्या

फार खोलात जायला नको, पण दोन गोष्टी माहीत असल्याशिवाय दुकानदाराशी बोलता येत नाही.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून वर जातं, तिथल्या काचेच्या लोलकातून फिरून तुमच्या डोळ्याशी येतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचं शटर उघडतं आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो "खटॅक्" आवाज मुख्यतः आरशाचाच. डोळ्याला दिसतं ते खरं दृश्य, पडद्यावरचं चित्र नव्हे, म्हणून भर उन्हातही नीट दिसतं. राजहंसगडाच्या तटावर दुपारी बारा वाजता कॉम्पॅक्टचा पडदा काळा ठिक्कर दिसतो. आपण अंदाजाने बटण दाबतो आणि घरी आल्यावर कळतं की झेंडा अर्धा कापलाय.

दुसरी गोष्ट सेन्सरची. साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमधला, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो निकॉनमध्ये सुमारे २३.५ बाय १५.६ आणि कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळात हा फरक बारापटीच्या आसपास जातो. पावसात अंगणात एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तेच. जाहिरातीतले मेगापिक्सेल म्हणजे त्या भांड्याचे केलेले कप्पे. वाटीचे वीस दशलक्ष कप्पे केले म्हणून तिची परात होत नाही.

तिसरी पायरी: अंधाराचा ढीग मोठा असेल तर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात खरी मजा रात्रीच असते.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. इथे तिथीची शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथ रात्रभर चालतात. रामदेव गल्लीतून एक रथ सरकतोय. वर अफझलखान वधाचा देखावा, महाराज झालेल्या पोराच्या चेहऱ्यावर पिवळा हॅलोजन, मागे निळ्या-लाल एलईडीची माळ, खाली लेझीम. पोरगा स्थिर उभा नाही, रथ हलतोय, तुम्हालाही मागून धक्के बसतायत. फोटो हलू नये म्हणून शटर निदान १/१२५ सेकंद ठेवावं लागेल.

आता हिशोब करू. डीएसएलआरला ५० मिलिमीटरची, एफ १.८ छिद्राची छोटी लेन्स लावली (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त) आणि तिथल्या उजेडात आयएसओ १६०० वर (आयएसओ म्हणजे मिळालेला प्रकाश किती वाढवून घ्यायचा तो आकडा, फार वाढवला की फोटोत दाणे येतात) फोटो बरोबर आला असं धरा. तोच फोटो कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सने पूर्ण झूम करून काढायचा, तर छिद्र एफ ५.६ पर्यंतच उघडतं. प्रकाश जवळपास दहापट कमी. तेवढाच फोटो हवा तर आयएसओ १६,००० करावा लागेल, आणि तिथे चेहऱ्याची रांगोळी होते. साध्या कॉम्पॅक्टचं तर आयएसओ १६०० लाच पीठ पडायला लागतं.

मग फ्लॅश मारू की, असं वाटेल. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशची ताकद आयएसओ १०० ला साधारण १२ या अंकाने मोजतात. त्याला छिद्राच्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये पल्ला मिळतो. १२ भागिले ५.६ म्हणजे दोन मीटर. आयएसओ ४०० केलात तर चार मीटरच्या थोडं पुढे. रथ तुमच्यापासून पंचवीस फुटांवर आहे. उजळून निघतात ती पुढे उभ्या असलेल्या माणसांची डोकी आणि त्यांच्यावरचे फेटे. असे फेट्यांचे फोटो मी हजाराने प्रिंट केले आहेत.

म्हणून अंधाराचा ढीग मोठा असणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: डीएसएलआर घ्या, पण बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, पैसे कमी घाला आणि पहिल्याच दिवशी एफ १.८ ची एक लेन्स घ्या. कॅननवाल्याला ५० एमएम, निकॉनवाल्याला ३५ किंवा ५० एमएम. या लेन्स त्या त्या कंपनीच्या यादीत स्वस्तातल्या स्वस्त असतात. त्यांना झूम नाही, पायांनी पुढे-मागे व्हायचं. फक्त किट लेन्सवर डीएसएलआर वापरणारा आणि चांगला मोबाइल वापरणारा, रात्रीच्या मिरवणुकीत दोघांचीही सारखीच फजिती होते. फरक इतकाच की एकाची मान दुखते.

निकॉन घेणार असाल तर एक खुबी आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे जुनी, स्वस्तात मिळालेली "एएफ-डी" लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. मोटर लेन्समध्येच असलेली "एएफ-एस" मागायची. डी७००० मालिकेत बॉडीतच मोटर आहे, तिथे दोन्ही चालतात. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

चौथी पायरी: लांबचं, आणि वेळ चुकलेलं

हे दोन्ही ढीग पटकन उरकू.

खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे जंगल लागतं, तिकडे जाणाऱ्याला पक्षी हवे असतात. एपीएस-सी डीएसएलआरला ७०-३०० ची लेन्स लावली की निकॉनवर ती ४५० सारखी वागते, कारण छोट्या सेन्सरमुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. झाडाच्या शेंड्यावरच्या धनेशाला तेही कमीच पडतं. त्यापुढच्या लेन्स वजनाने आणि किमतीने म्हशीसारख्या. इथे एक मधला प्रकार उपयोगी पडतो, त्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. दिसायला डीएसएलआरसारखा, आत कॉम्पॅक्टचाच छोटा सेन्सर, लेन्स बदलता येत नाही, पण झूम अफाट. निकॉनचा पी९०० २०१५ मध्ये आला तो २००० मिलिमीटरच्या तोडीपर्यंत जायचा, २०१८ चा पी१००० तर ३००० पर्यंत. उन्हात चांगला, संध्याकाळ झाली की हात वर. हौसेने पक्षी बघणाऱ्याला पुरेसा आहे.

वेळ चुकण्याचं कारण बहुतेकदा फोकस. साधा कॉम्पॅक्ट लेन्स पुढे-मागे करून "आता स्पष्ट दिसतंय का?" असं चाचपडत फोकस करतो. डीएसएलआरमध्ये आरशाखाली वेगळे सेन्सर असतात, त्यांना लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची हे एकदम कळतं. "शुभमंगल सावधान" म्हणताच अक्षता हवेत असतात त्या अर्ध्या सेकंदात हा फरक दिसतो. लग्नात पैसे घेऊन काम करायचं असेल तर कॉम्पॅक्टचा विचारही करू नका. आणि एका बॉडीवर लग्नाची ऑर्डर घेऊ नका, पण तो विषय वेगळा.

पाचवी पायरी: चौथा ढीग, म्हणजे न काढलेले फोटो

कॅमेरा जवळ असण्याचं महत्त्व लोकांना पटत नाही. डीएसएलआर घेतलेली माझ्या ओळखीतली निम्मी माणसं आता फक्त गोव्याला जाताना तो काढतात. दुधाच्या पिशवीसोबत, शाळेत जाताना, निपाणीच्या बाजारात तो बरोबर येत नाही. कॉम्पॅक्ट येतो.

आणि काही कामं कॉम्पॅक्टच चांगली करतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघा, १२०४ सालचं जैन मंदिर. मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं प्रचंड कमळ लोंबतंय. आत अंधार. मान वर करून मोबाइलने काढला की फोटो हलतो, डीएसएलआर वर धरला की हात थरथरतात. मी काय करायचो ते सांगतो. कॉम्पॅक्ट पाठीवर झोपवून, खाली घडी केलेला रुमाल घालून, बरोबर कमळाच्या मध्याखाली फरशीवर ठेवायचा. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, फ्लॅश बंद. बटण दाबून बाजूला व्हायचं. कॅमेरा स्वतःच एक-दोन सेकंद शटर उघडं ठेवतो आणि पाकळी न् पाकळी धारदार येते. डीएसएलआर असा झोपवता येत नाही, पाठीमागच्या डोळ्याच्या रबरी कपामुळे तो एका बाजूला कलतो. शिवाय कॉम्पॅक्ट आवाज करत नाही म्हणून पुजारीही कटकट करत नाहीत. तरी आधी परवानगी विचारायची, देऊळ आहे ते.

पण कॉम्पॅक्टचं एक दुखणं आहे आणि ते मी पैसे घालवून शिकलोय. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेला गेलो होतो. "उदं गं आई उदं" चालू, समोरून भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या जातायत, हवाच पिवळी झालेली. मी खिशातून कॉम्पॅक्ट काढला, बटण दाबलं, लेन्सची नळी बाहेर आली. चार फोटो काढून बंद केला, ती आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा आत. प्रत्येक वेळी नळीने अंगावरची हळद आत ओढून नेली. पाचव्यांदा "कर्रर्र" आवाज आला, नळी अर्ध्यावर अडकली आणि पडद्यावर लेन्स एरर. बेळगावात दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. आतले मोहरीएवढ्या दातांचे गिअर हळदीने लडबडलेले, वरून तेल लागल्यामुळे त्याची चिक्की झालेली. दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या निम्मा निघाला.

तेव्हापासूनचा नियम: भंडारा, गुलाल, आखाड्याची तांबडी माती असेल तिथे नळी आत-बाहेर करणारा कॉम्पॅक्ट न्यायचा नाही. पाण्यात चालणारा प्रकार असतो त्याची लेन्स आतल्या आत हलते, तो चालतो. डीएसएलआर नेला तर एक लेन्स घरीच लावून न्यायची आणि परत येईपर्यंत बदलायची नाही, वरून पारदर्शक पिशवीला भोक पाडून ती लेन्सच्या तोंडाला रबरबँडने बांधायची. गबाळं दिसतं, दिसू दे.

सहावी पायरी: आज बाजारात खरंच काय आहे

पाच-सहा वर्षांपूर्वी हा लेख इथेच संपला असता. आता एक घोळ झालाय. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सगळं लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलंय. ही जात २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ पासून सुरू झाली. सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, आरसा नसल्याने बॉडी चपटी. डोळ्याशी दिसतो तो छोटा पडदा. फोकस आता डीएसएलआरपेक्षाही सरस. पण बॅटरी लवकर संपते. निकॉनचा डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो काढायचा, त्याच किमतीच्या आसपासचे मिररलेस बरेचदा तीन-चारशेवर दमतात. दिवसभराच्या लग्नाला तीन बॅटऱ्या धराव्या लागतात.

मग डीएसएलआर घ्यावा का? शिकण्यासाठी आणि कमी पैशांत रात्रीचं काम करण्यासाठी, होय, पण सेकंडहँड. स्टुडिओवाले मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या बॉडी आणि त्याहून चांगल्या लेन्स बाजारात येतायत. त्या लेन्स उद्या वाया जात नाहीत. कॅनन डीएसएलआरच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने त्यांच्या नव्या मिररलेस आरएफ बॉडीवर चालतात, निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीलाही तसा अडॅप्टर आहे. फक्त वर सांगितलेल्या एएफ-डी लेन्सचा फोकस तिथेही हातानेच. पैशाची अडचण नसेल आणि सगळं नवंच हवं असेल तर सरळ मिररलेस घ्या, मन मागे ओढू नका.

कॉम्पॅक्टमध्येही दोन घराणी झाली आहेत. एक आपला जुना, नखाएवढ्या सेन्सरचा. त्याचं काम मोबाइलने खाल्लं. दुसरा मोठ्या सेन्सरचा. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० काढला तो एक इंची सेन्सरचा, म्हणजे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. रिकोचा जीआर आणि फुजीचा एक्स१०० यांच्यात तर डीएसएलआरएवढाच एपीएस-सी सेन्सर बसवलाय, झूम मात्र नाही. खिशात मावतं आणि रात्रही सांभाळतं. किंमत ऐकली की खिसाच नको वाटतो. तरीही अंधाराचा ढीग आणि चौथा ढीग दोन्ही मोठे असतील तर उत्तर हेच आहे, आणि सेकंडहँड आरएक्स१०० च्या जुन्या आवृत्त्या बऱ्या भावात मिळतात.

सध्या पोरांमध्ये २००५-१० च्या सुमाराचे जुने कॉम्पॅक्ट शोधायची टूम आहे, रंग "जुने" येतात म्हणून. घ्या, पण कार्डाचा खाचा आधी बघा. ऑलिंपस आणि फुजीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागायचं, ते आता बनत नाही. एसडी असेल तरी २००६ च्या आधीच्या कॅमेऱ्यात दोन जीबीच्या वरचं कार्ड चालेलच असं नाही. काकांच्या कपाटातून कॅमेरा फुकट मिळाला आणि कार्ड शोधत खडे बाजार पालथा घातला, असे किस्से आहेत.

सातवी पायरी: सेकंडहँड घेताना हातात घेऊन बघायच्या गोष्टी

फोटो पाहून, फोनवर ठरवून पैसे पाठवू नका. कोल्हापूर, हुबळी, गोवा, कुठेही असो, स्वतः जा. (सीमाभागात काही पेटलं की एस्ट्या कोगनोळी नाक्याशीच थांबतात, ते बघून तारीख ठरवा. माझा एक सौदा असा आठवडाभर लटकला आणि तोवर लेन्स दुसऱ्याने नेली.)

खिशात मोबाइलचा टॉर्च आणि स्वतःचं एसडी कार्ड ठेवा. आधी लेन्स. काढून उजेडाकडे धरा, दुसऱ्या बाजूने टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडे सगळे फंगसच म्हणतात. धुळीचे चार कण चालतात, धागा एकही चालत नाही, कारण तो वाढतो. लेन्स घ्यायचीच नाही. भाव निम्मा केला तरी नाही.

मग बॉडी. शटर किती वेळा उघडलंय हा आकडा विचारा. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, ताजा फोटो काढून संगणकावर किंवा इंटरनेटवर तपासता येतो. कॅननच्या बऱ्याच बॉडीत तो तसा मिळत नाही. तिथे पट्ट्याच्या जागेची झीज, बटणांवरचे पुसलेले आकडे, रबराची चिकट झालेली पकड यांवरून अंदाज करा. "घरातच होता, वापरलाच नाही" म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा पांढरा पडलेला असेल तर तो लग्नं मारून आलाय.

छिद्र एफ १६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मोठा करून बघा. करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. साफ करता येते, पण भाव करायला उपयोगी पडते. लेन्सचं झाकण लावून, शटर बराच वेळ उघडं ठेवून एक फोटो काढा, काळ्यात चमकणारे लाल-हिरवे ठिपके मोजा, ते सेन्सरचे बिघडलेले कप्पे. कॉम्पॅक्ट असेल तर कानाशी धरून दहा वेळा चालू-बंद करा, नळीचा आवाज प्रत्येक वेळी सारखा हवा. बॅटरी फुगलीय का आणि चार्जर मूळ आहे का तेवढं बघा.

नवा घेताना एकच गोष्ट: जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. मी एकदा शहरातल्या एका दुकानातून "इम्पोर्टेड पीस आहे, तीन हजार वाचतील" या बोलण्याला भुलून कॅमेरा घेतला. सात महिन्यांनी शटर अडकलं तेव्हा कळलं की भारतातली वॉरंटीच नाही. दुकानदाराने चहा पाजला, त्यापलीकडे काही केलं नाही. बिघडला तर कॅमेरा बेळगावातच बघणार की बेंगळुरू-पुण्याला पाठवणार, हेही पैसे देण्याआधी विचारा.

आठवी पायरी: पहिला पावसाळा

हे मी शेवटी ठेवलंय, पण पैसे मोजतानाच याचा खर्च धरा. बेळगावचा पावसाळा म्हणजे चार महिने न वाळणारे कपडे. चंदगड, खानापूर, जांबोटीकडे तर भिंतींना शेवाळ येतं. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचांमध्ये बुरशी धरते. कॅमेऱ्याची बॅग ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा, कारण तिचा फोम ओल धरून ठेवतो. माझी पहिली ५० एमएम मी जूनमध्ये बॅगेत घालून माळ्यावर ठेवली आणि दसऱ्याला पूजेसाठी काढली. काचेत पांढरं जाळं. कुंकू लावताना तेच दिसत होतं.

ड्राय कॅबिनेट मिळतं, विजेवर चालतं, आतली आर्द्रता चाळीस-पन्नासच्या दरम्यान ठेवतं. एक कॅमेरा आणि दोन लेन्ससाठी ते लागत नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, ज्याच्या कडेला रबर असतं तो. आत नारिंगी रंगाच्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. कॅमेरा बॅगेतून काढून, मऊ कोरड्या कापडाने पुसून डब्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या घालू नका. जेल हिरवट झालं की त्याचं पोट भरलं. एखाद्या जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा नारिंगी होतं. निळ्या रंगाचं जेल घेऊ नका, त्यात बरेचदा कोबाल्टचा क्षार असतो, तो तब्येतीला घातक. आणि आठवड्यातून एकदा, ऊन पडलं नाही तरी, कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा. गोकाकचा धबधबा जुलै-ऑगस्टमध्ये भरून वाहतो, बेळगावहून सकाळी निघून जेवायला परत येता येतं. तिथल्या झुलत्या पुलाकडे तुषार थेट लेन्सवर येतात, तेव्हा दोन कोरडे रुमाल जास्त घ्या, एक लेन्सला आणि एक चष्म्याला.